पडदे नसलेलं गाव

ॲमस्टरडॅमला जाऊन काय पाहायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही. तिकीट काढल्याची बातमी सोसायटीत पसरली की उत्तरं घरपोच येतात. कालव्यातली बोटीची फेरी चुकवू नका. राइक्स म्युझियममधलं रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ चुकवू नका. एप्रिल असेल तर कॉयकेनहॉफची ट्यूलिप्स. ही ट्यूलिप्स आपल्याकडच्या एका पिढीला १९८१ सालच्या ‘सिलसिला’पासून पाठ आहेत. तिथे पोचल्यावर नवऱ्यांनी अमिताभसारखे हात पसरायचे आणि बायकांनी हसू दाबत फोटो काढायचा, हा जवळजवळ विधीच झालाय. यादी वाईट नाही. बोटीत बसावं, चित्रं पाहावीत, फुलंही पाहावीत. पण या गावात करण्याजोगी सगळ्यात मजेची गोष्ट कुठल्याच यादीत नसते, कारण ती लिहून द्यायला लोकांना लाज वाटते. लोकांच्या घरात डोकावणं!

डोकावू नये, असं आपल्याला लहानपणी शिकवतात. शिकवणारी मंडळी मात्र समोरच्या बिऱ्हाडात आलेला फ्रिज किती लिटरचा आहे, हे तो जिना चढायच्या आत सांगू शकतात. असे संस्कार घेऊन माणूस संध्याकाळी हेरेनग्राख्तच्या काठानं चालू लागतो आणि चक्रावतो. पुरुषभर उंचीच्या खिडक्या, आत दिवे लागलेले, आणि पडदा नावाची वस्तू नाही! एक गृहस्थ कांदा चिरताहेत. एक मुलगी पियानोवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा चुकते आहे. छतापर्यंत पुस्तकं आणि त्यांतलं एकही न वाचता मोबाइलमध्ये बुडालेली बाई. हे सगळं हातभर अंतरावर, आणि फुकट.

याची कारणं विचारली तर तऱ्हेतऱ्हेची मिळतात. ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याला पडदा कशाला, ही जुनी प्रॉटेस्टंट शिस्त, असं काही जण सांगतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो तिथे मिळेल तेवढा उजेड आत घ्यावा, असं काही जण म्हणतात. मला स्वतःला वाटतं की दिवाणखाना एवढा देखणा सजवल्यावर तो कुणी पाहिलाच नाही, तर दिव्यांचे पैसे वाया गेल्यासारखं वाटत असणार. गंमत अशी की तिथली माणसं म्हणे येता-जाता आत बघत नाहीत. हा संयम मला अमानुष वाटायचा. मग जुन्या घरांच्या खिडक्यांबाहेर लोखंडी दांडीवर बसवलेले छोटे आरसे दिसले. आत खुर्चीत बसल्या बसल्या रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं, दारात कोण उभं आहे, हे पाहण्याची ही सोय. पूर्वी ते घरोघर असत. जीव भांड्यात पडला. माणसं आपलीच होती.

डोकावण्याची एक रीत आहे, ती पाळावी. थांबायचं नाही, फक्त चाल मंद करायची. बोट दाखवायचं नाही. आणि नजर खिडकीत असली तरी पाय कुठे आहेत याचं भान ठेवायचं, कारण तांबूस रंगाचा पट्टा सायकलवाल्यांचा असतो आणि त्यावर पाय ठेवणाऱ्याची गय नाही. घंटी एकदाच वाजते. पुढे मूल, मागे मूल, हँडलला भाजीची पिशवी आणि एका हातात छत्री अशी बाई वाऱ्याच्या वेगानं अंगावरून जाते, आणि आपण किती हळू जगतो हे तिच्या पाठीकडे पाहून कळतं. या सायकली शेवटी कालव्यातही जातात. दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली क्रेनच्या बोटीनं पाण्याबाहेर काढतात. कालवा तीन मीटर खोल, त्यात एक मीटर गाळ, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी, असा तिथला जुना विनोद आहे. विनोदातल्या गाळाची मला खात्री नाही, सायकलींची आहे.

खिडक्या पुरेशा पाहून झाल्या की मान वर करावी. प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला आकडा. घरं अरुंद, कारण दर्शनी रुंदीवर कर बसे, असं सांगतात. आत जिने शिडीसारखे उभे. त्यावरून कपाट चढवणं अशक्य, म्हणून कपाट बाहेरून दोरानं ओढून खिडकीतून आत घ्यायचं. ओढताना ते भिंतीवर आपटू नये म्हणून घराचा दर्शनी भाग मुळातच थोडा रस्त्याकडे झुकवून बांधलेला. काही घरं त्याशिवाय बाजूलाही कलली आहेत, ती मात्र पायाच्या कृपेनं. विरार लोकलच्या दारातल्या माणसांसारखी एकमेकांच्या आधारानं ती उभी आहेत, आणि शेजारचा उतरला तर आपलं काय, हा प्रश्न कुणी काढत नाही. आजही सामान या आकड्यांवरून चढवताना दिसतं. तसं दिसलं तर नक्की थांबावं. साऱ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत कुणाची तरी गादी आकाशात लोंबकळते आहे. उघड्यावरच्या संसाराचा यापेक्षा अधिकृत कार्यक्रम दुसरा नाही.

१६१३मध्ये या कालव्यांच्या मोठ्या वर्तुळाचं खोदकाम सुरू झालं तेव्हा खाली दलदलच होती. म्हणून लाकडी खांब ठोकले आणि त्यावर शहर ठेवलं. डाम चौकातला राजवाडा मुळात नगरपालिकेची इमारत म्हणून बांधला, तो १३,६५९ खांबांवर उभा आहे. हा आकडा तिथल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ असतो, कारण युक्ती सोपी आहे: वर्षाचे ३६५ दिवस, आधी १, शेवटी ९. खांब पाण्यात बुडालेले आहेत तोवर हवा लागत नाही, म्हणून कुजत नाहीत. पाणी उतरलं तर मात्र संकट. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी वाढलं की तळमजल्यावर धावपळ होते. इथे पाणी कमी झालं की लोकांची झोप उडते.

आता रेम्ब्राँकडे येऊ, पण संग्रहालयात नव्हे, त्याच्या घरी. योडेनब्रेस्त्रातवरचं हे घर त्यानं १६३९मध्ये ऐपतीबाहेर जाऊन घेतलं. हप्ते थकले आणि १६५६मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मग सरकारी माणसं आली आणि खोलीवार, वस्तूवार यादी करून गेली: चित्रं, पुतळे, शिंपले, चिलखतं, खुर्च्या, कपडेसुद्धा. त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात अपमानाचा कागद. पण त्याच कागदाच्या आधारानं आज ते घर पुन्हा मांडलं आहे. म्हणजे आपण तिथे फिरतो ते धनकोंच्या नजरेनं. हौशी डोकावणाऱ्यांनी या कारकुनांपुढे हात जोडावेत.

स्वतः रेम्ब्राँ या बाबतीत काही कमी नव्हता. आयुष्यात तो देशाबाहेर गेला नाही, पण व्यापाऱ्यांबरोबर आलेली मुघल लघुचित्रं त्याच्या पाहण्यात आली आणि ती पाहून त्यानं रेखाटनं केली. त्यांत शाहजहान आहे. कालव्याकाठी बसून हा गृहस्थ आग्र्याच्या दरबारात डोकावत होता. आणि त्याच १७व्या शतकात त्याच्या देशाच्या ईस्ट इंडिया कंपनीची माणसं आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालून बसली होती, कशासाठी म्हणाल तर व्यापार आणि गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर. वखारीचे अवशेष वेंगुर्ल्यात अजून आहेत. म्हणजे डोकावण्याचा हिशेब केला तर पहिली खेळी त्यांची. आपण फक्त उशिरा परतफेड करतो आहोत.

प्रिन्सेनग्राख्तवरच्या २६३ क्रमांकाच्या घरात मात्र हे सगळं थांबतं. ॲन फ्रँक तिच्या घरच्यांबरोबर जुलै १९४२मध्ये या इमारतीच्या मागच्या भागात नाझींपासून लपायला आली, तेव्हा तिनं आणि तिच्या वडिलांनी सुरुवातीलाच केलेलं काम म्हणजे मिळतील ते कापडाचे तुकडे जोडून पडदे शिवणं. खिडक्या उघड्या ठेवण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या गावात. आठ माणसं तिथे ऑगस्ट १९४४पर्यंत राहिली. खाली ऑफिसात लोक कामाला असले की दिवसा चालायचं नाही, नळ सोडायचा नाही. आज हे घर पाहायचं तर तिकीट आधी ऑनलाइनच काढावं लागतं. आत कुणी मोठ्यानं बोलत नाही. बाहेर आल्यावर पुन्हा लगेच खिडक्या पाहत हिंडू नये, निदान त्या दिवशी तरी.

दुसऱ्या दिवशी होड्यांकडे वळावं. युद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा लोक जुन्या मालवाहू होड्यांत राहायला लागले. आता अशा अडीच हजारांच्या आसपास तरंगत्या घरांत संसार आहेत, कुंड्या, टपालपेटी, डेकवर वाळत घातलेले टॉवेल, सगळं. आत जायचा मोह अनावर झाला तर १९१४मध्ये बांधलेल्या ‘हेन्ड्रिका मारिया’ या होडीत संग्रहालय आहे, तिथे पैसे भरून राजरोस डोकावता येतं. आणि सिंगेल कालव्यावर मांजरांची होडी आहे. १९६६मध्ये हेन्रिएट व्हान वेल्डे या बाईंनी घरासमोर सापडलेलं एक मांजराचं कुटुंब घरात घेतलं. मग आणखी आली. दोन वर्षांत घर पुरेना, तेव्हा त्यांनी एक जुनी होडी घेतली आणि मांजरं तिकडे हलवली. ज्या प्राण्याला पाण्याचा एवढा तिटकारा, त्याचा अनाथाश्रम पाण्यावर! भेटीच्या वेळात आत सोडतात. इथे एक गोष्ट उलटी होते: तुम्ही त्यांच्याकडे पाहता आणि ती तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

एवढ्या चालण्यानंतर पाय बोलू लागतात आणि पोटही. रस्तोरस्ती कच्ची हेरिंग मासळी चिरलेल्या कांद्याबरोबर मिळते. धाडस असेल तर खावी. मला रोटीचं दुकान बरं वाटतं. १८७३पासून उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं करारावरचे मजूर म्हणून डचांच्या सुरिनामला गेली, आणि १९७५मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या आगेमागे त्यांचे वंशज मोठ्या संख्येनं नेदरलँड्समध्ये आले. रोटी बरोबर आली. मऊ, मोठी, आत डाळीचा भुगा, शेजारी चिकन, बटाटा, उकडलेलं अंडं आणि चवळीच्या लांब शेंगा. चमचा मागू नये.

गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्यांच्या सरनामी बोलीत सुरुवात केली. कुठून आलात? एकट्याच? मुलं किती? लग्नं झाली? का नाही झाली? घर स्वतःचं की भाड्याचं? मागे रांग लागली होती, पण रांगेलाही उत्तरं ऐकायचीच होती. मी घाईघाईनं एकेक सांगत गेले. शेवटी त्यांनी यजमानांचा पगार विचारला आणि मी तो सांगितलासुद्धा, थोडा वाढवून. युरोचा भाव त्यांनी मनात लावला, काही क्षण विचार केला आणि माझ्या ताटात न मागता आणखी एक रोटी टाकली.