भोपळा मिळाला की पास

संगणकाच्या शाळेत भोपळा मिळवणारा पास होतो. युनिक्सच्या घराण्यातली ही जुनी रीत आहे. काम बिनबोभाट पार पडलं तर प्रोग्राम जाताना शून्य ठेवून जातो. बिनसलं तर एक, दोन, १२७ असा कुठलातरी आकडा. रीत तशी शहाणपणाचीच म्हणायची. बरोबर येण्याची तऱ्हा एकच, चुकण्याच्या शेकडो. तेव्हा बाकीचे सगळे आकडे चुकांसाठी राखून ठेवलेले बरे.

जेन्किन्ससाठी आपली स्वतःची टेस्ट लिहायची तर एवढं कळलं की निम्मं काम झालं. कोह्सुके कावागुची यांनी सनमध्ये असताना हा प्रकार लिहायला घेतला, तोही आपण मोडलेली बिल्ड सहकाऱ्यांच्या आधी आपल्यालाच कळावी म्हणून. तेव्हा त्याचं नाव हडसन होतं, २०११मध्ये जेन्किन्स झालं. कुणी कोड कमिट केला की हा सर्व्हर तो ओढून घेतो, बिल्ड करतो, तुमची स्क्रिप्ट चालवतो आणि शेवटी आकडा बघतो. शून्य असेल तर पास. तीनशे ओळींची स्क्रिप्ट लिहा, नाहीतर 'एक्झिट झीरो' एवढी एकच ओळ लिहा, त्याला दोन्ही सारखंच.

हा भोळेपणा कधी अंगाशी येईल सांगता येत नाही. टेस्टचं आउटपुट पडद्यावर दिसावं आणि फाइलीतही राहावं म्हणून लोक ते पाइप लावून 'टी' नावाच्या कमांडकडे वळवतात. टी बिचारी आलेलं सगळं दोन्हीकडे ओतते आणि आपलं काम चोख झालं म्हणून शून्य देऊन मोकळी होते. बॅशच्या लेखी पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. टेस्ट दणकून आपटलेली असते, तिने एकचा आकडाही इमानाने दिलेला असतो, पण तो मधल्यामध्ये जिरतो. लॉगमध्ये 'फेल्ड', बिल्ड मात्र पास! उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या डोक्यावर 'पाइपफेल' चालू करणारी एक ओळ. ती पहिल्या दिवसापासून असलेली स्क्रिप्ट मिळणं कठीण. म्हणूनच जाणती माणसं नवी टेस्ट लिहिली की आधी कोडमध्ये मुद्दाम खोट घालून बघतात. त्यावरही ती पासच म्हणाली, तर तिच्या पुढच्या कुठल्याच 'पास'ला अर्थ नाही.

उलटा प्रकारही होतो, आणि तो खास आपल्याकडचा. पावतीवर आजची तारीख येते का, एवढंच बघणारी साधी टेस्ट. दिवसा पास, रात्रीच्या बिल्डमध्ये नापास. सकाळी कुणीतरी पुन्हा चालवतं, की पास. गूगलने २०१६मध्ये आपल्या जवळजवळ १६ टक्के टेस्ट कमीअधिक लहरी असल्याचं लिहिलं होतं. तिथे ही गत, मग आपण कशाला मनाला लावून घ्या? मागच्या पाच बिल्डांवरून जेन्किन्स हवामानाचं चित्र दाखवतो: सगळ्या पास तर लख्ख सूर्य, सगळ्या नापास तर विजांचा गडगडाट. या टेस्टपुढे बारा महिने श्रावण.

खरं तर ही टेस्ट लहरी नसतेच. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेआठ झालेले असतात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत प्रोग्राम पावतीवर खरोखरच कालची तारीख छापत असतो आणि ती बिचारी रोज रात्री तेच ओरडून सांगत असते. टीमने एव्हाना सूचनांच्या पानावर लिहून ठेवलेलं असतं: रात्रीच्या बिल्डकडे दुर्लक्ष करावे, सकाळी आपोआप ठीक होते.