रंगेल मंडळींच्या भानगडी

ऐकलंत का? हल्ली कोड लिहिणारी भली भली मंडळी कोड सोडून रंग लावत बसतात म्हणे! आणि कुठे, तर विम नावाच्या एडिटरमध्ये. १९९१ साली ब्राम मूलेनार यांनी बाहेर काढलेला तोच तो विम, ज्यात शिरलेल्या नवख्याला बाहेर पडता येत नाही. त्याचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला. तिथे रंग एकच! काही अडलं का त्यांचं?

आता या रंगांच्या थीमची, म्हणजे घराण्यांची, नावं ऐका: सोलराइज्ड, ग्रुवबॉक्स, ड्रॅक्युला. कॅटपुचिनकडे तर चौघी: लाटे, फ्रापे, माकियातो, मोका. थीम निवडताय की कॉफी मागवताय? आमच्या ओळखीतला एक पोरगा सोमवारी ग्रुवबॉक्सचा असतो, गुरुवारी ड्रॅक्युलाचा. घरच्यांना पत्ता नाही.

खरी भानगड पुढेच. हौसेनं थीम आणली, विम उघडला, तर रंग सगळे भलतेच. मंडळी लगेच थीमच्या नावानं बोटं मोडतात. अहो, तिचा काय दोष? ती बिचारी १,६७,७७,२१६ रंगांतून निवडून आलेली. पण 'टर्मगुईकलर्स' हा पर्याय चालू केल्याशिवाय विम ते रंग पुढे धाडतच नाही. कुठे २५६ वर भागवतो, कुठे १६ वर. त्यात मध्ये टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलात अनेक टर्मिनलं थाटणारा गडी, असला की बघायलाच नको. कधीकाळी बॅशआरसी या शेलच्या सेटिंग-फाइलीत कुणीतरी टर्मिनलचं नाव, म्हणजे 'टर्म', 'एक्सटर्म-२५६कलर' असं ठोकून दिलेलं असतं, आणि लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखं ते टीमक्सच्या आतही तेच छातीठोकपणे सांगत सुटतं. ती ओळ आधी उडवा. टीमक्सच्या आत 'टीमक्स-२५६कलर' हेच नाव शोभतं, आणि बाहेरच्या टर्मिनलला सगळे रंग झेपतात हे टीमक्सच्या कानावर वेगळं घालावं लागतं.

सोलराइज्डचं तर विचारूच नका. रंग मोजून १६, त्यातले आठ करडे-पांढुरके, आणि त्यातले बरेचसे टर्मिनलच्या 'उजळ' रंगांच्या खुर्च्या अडवून बसलेले! काही टर्मिनलं ठळक अक्षर म्हणजे उजळ रंग असं परस्पर ठरवून टाकतात. मग ठळक हिरवं मागावं, तर हाती राखाडी. टर्मिनलची ती खोड सेटिंगमध्ये जाऊन बंद केली की सुटलात.

आणि चुगलीची सोय विमनं स्वतःच करून ठेवलीय. 'व्हर्बोज हाय कॉमेंट' लिहा, शेवटचा रंग कुणी फासला ते फाइलच्या नावासकट सांगतो. त्या पोराच्या कॉमेंट अचानक भडक लाल झाल्या होत्या. ड्रॅक्युलाला शिव्या घालून झाल्या, मग विचारलं, तर नाव निघालं त्याच्याच विमआरसीचं. ओळ काढली म्हणता? छे! आता तो टोकियो नाइटकडे बघतोय म्हणे.