मी ॲडमिनिस्ट्रेटर होतो

आमच्या ऑफिसात हिशेबाचं एक जुनाट सॉफ्टवेअर आहे. ॲडमिनच्या हक्कांशिवाय ते उघडतच नाही. म्हणून मार्चच्या सुरुवातीला आयटीच्या मुलाने नाइलाजाने माझं नाव माझ्या कॉम्प्युटरच्या 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' गटात घातलं. "काका, फक्त या सॉफ्टवेअरपुरतं हं," असं बजावलंही. तीस वर्षांत हेडक्लार्कच्या पुढे न सरकलेल्या माणसाला असं पद देऊ नये, हे त्याला कोण सांगणार? त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन घरी गेलो.

सत्ता हाती येताच पहिलं फर्मान काढलं: पडद्यावरची कंपनीची इमारत हटवून नातीचा फोटो लावायचा. पण ते सेटिंगच बंद करून ठेवलेलं. भाच्याला फोन लावला, त्याच्या सांगण्यावरून रजिस्ट्रीत शिरलो आणि वॉलपेपरची नोंद उडवली. नात पडद्यावर हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर पुन्हा इमारत! असं तीनदा झालं.

शेवटी आयटीच्या मुलाला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "काका, प्रत्येक मशीन दर 90 मिनिटांनी सर्व्हरकडून ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने ठरवलेली सेटिंग्ज, तपासतं. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून त्यात आणखी 0 ते 30 मिनिटांची भर. आणि पॉलिसी बदललेली नसली तरी पुन्हा लावायची, असं आम्ही ठरवून ठेवलंय." शिवाय क्रम असतो: आधी मशीनची स्वतःची पॉलिसी, मग साइटची, मग डोमेनची, मग आपल्या विभागाची, आणि भांडण झालं तर शेवटी बोलणाऱ्याचं चालतं. हे मला चटकन समजलं. आमच्या घरीही मी नेहमी आधी बोलतो.

थोडक्यात, फ्लॅट माझा, पण गच्चीवरच्या टाकीचा कॉक सोसायटीच्या हातात. मग मी विचार केला, सोसायटीच, म्हणजे कंपनीचं डोमेनच, सोडलं तर? सिस्टीमच्या सेटिंगमध्ये डोमेनच्या जागी वर्कग्रुप निवडण्याची सोय होती, आणि ॲडमिन म्हणून मला तो हक्कही होता. मध्ये एक सूचना आली: पुढे लॉगिन करायला या मशीनच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड माहीत असायला हवा. स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मीच की! ओके दाबलं. रीस्टार्ट केलं.

मशीनने मला ओळखच दिली नाही. माझं नाव डोमेनमधलं, हक्कही त्याच नावाला दिलेले; डोमेन सुटलं तसे दोन्ही गेले. सूचनेतला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मशीनमधलं वेगळंच खातं, आणि त्याचा पासवर्ड आयटीकडे. तारीख 31 मार्च.

मुलगा धावत आला. पडदा पाहून म्हणाला, "डोमेन कोणी सोडलं?"

"आपोआप सुटलं असेल."

"आपोआप नाही सुटत, काका. त्याला ॲडमिन लागतो."

ऑफिसात मला कोणी ॲडमिन म्हटल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

आता मी स्टँडर्ड यूजर आहे. ते सॉफ्टवेअर उघडायचं असलं की मुलगा येऊन पासवर्ड टाइप करतो, आणि तेवढा वेळ मी सज्जनपणे खिडकीबाहेर बघतो. वाचकहो, ओके दाबण्याआधी वरची ओळ वाचत जा. ती आपल्यासाठीच लिहिलेली असते.