नानांचे बांधकाम खाते

स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने खिळा ठोकणारा गृहस्थ ही महाराष्ट्रीय मध्यमवर्गाच्या इतिहासात फार उशिरा अवतरलेली व्यक्ती आहे. आमच्या आजोबांच्या पिढीस तिचा परिचय नव्हता. गावी सुतार आणि लोहार हे बलुतेदार. नांगराचा फाळ असो वा माजघराच्या दाराची बिजागरी असो, ती नीट करणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यांना बलुते घालणे हे घरधन्याचे कर्तव्य. अशा व्यवस्थेत घरधन्याने हातोडी उचलली असती, तर तो दुसऱ्याच्या वतनात उघड उघड हस्तक्षेप ठरला असता. पुढे हीच घराणी नोकरीच्या निमित्ताने पुण्याच्या पेठांतील वाड्यांत बिऱ्हाडे करून राहिली, तेव्हा दुरुस्तीचा भार वाड्याच्या मालकाच्या शिरावर जाऊन पडला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे गोठविले आणि जागा सुस्थितीत ठेवण्याचे दायित्व मात्र मालकाकडेच ठेवले. त्यामुळे मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू आपण होऊन करण्यास धजेना, आणि कौलांतून गळणाऱ्या पाण्याखाली तपेली मांडून उभयपक्षी नोटिसांची देवघेव चाले. त्या सुखाच्या काळात पुरुषमाणसास रविवारी दुपारी झोप मिळत असे.

ही झोप मोडण्यास आरंभ झाला तो सातव्या दशकात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे जमीनदोस्त झाले आणि त्यांतील बिऱ्हाडे शहराच्या कडेला वसणाऱ्या नव्या वसाहतींकडे निघाली. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा नुकताच अमलात येत होता, १९६३ साली मालकीच्या सदनिकांविषयीचा कायदा झाला, आणि भविष्यनिर्वाह निधीतून कर्जाऊ रक्कम काढून हप्त्याहप्त्याने घर विकत घेणारा कारकूनवर्ग हळूहळू उदयास आला. या दोन्ही कायद्यांच्या कोणत्याही कलमात न नमूद केलेली एक गोष्ट यातून घडली: ज्यांच्या दोन पिढ्या घरमालकास दूषणे देण्यात गेल्या, ते स्वतःच घरमालक होऊन बसले आणि दूषणे देण्यास समोर कोणी उरले नाही. आमचे शेजारी नाना हे या स्थित्यंतराचे अस्सल अपत्य होय.

नाना सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहेत. तेथे त्यांच्या टिपणावर चौघांच्या सह्या झाल्यावाचून टाचणीदेखील या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. घरी मात्र अंदाजपत्रक, मंजुरी, अंमलबजावणी आणि अखेरची तपासणी ही सर्व अधिकारपदे एकाच बनियनमध्ये एकवटलेली असतात. शनिवारी सायंकाळी कचेरीतून येताना ते रविवार पेठेतील बोहरी आळीतून वाट वाकडी करून येतात आणि रविवारी सकाळी जुन्या बाजारात जातात, म्हणून आठवड्याचा निरोप घेताना त्यांची मुद्रा इतरांप्रमाणे शिणलेली नसून मोहिमेवर निघालेल्या सरदाराची असते. जुन्या बाजारातील खरेदीचा त्यांचा नियम असा की, हत्यार आधी घ्यावे आणि त्याचे काम मागून शोधावे. एकदा तेथे त्यांना एक जुने, परंतु उत्तम पोलादाचे गिरमिट स्वस्तात मिळाले. त्यानंतर पंधरवडाभर घरातील प्रत्येक लाकडी वस्तूकडे ते ज्या नजरेने पाहत, ती पाहून वहिनींनी पोळपाट आपल्या माहेरी पाठवून दिला.

या खात्याचा नोकरवर्ग म्हणजे नानांची तीन मुले. थोरल्या मुलीकडे बॅटरी धरण्याचे काम असते. बॅटरी धरणे हे वरकरणी वाटते तितके सोपे नाही. ज्या क्षणी कारागिराची दृष्टी जेथे असेल, त्याच क्षणी तेथे उजेड पडला पाहिजे, आणि कारागिराची दृष्टी कोठे आहे हे त्याच्या पाठीमागे उभे राहून ओळखावयाचे असते. मुलगी प्रामाणिक आहे, पण तिच्या वयास साजेसे कुतूहल तिला आहे. कपाटाच्या मागे अंगठा आणि खिळा यांतील भेद डोळ्यांआड होऊन नाना ओरडतात, “अगं, उजेड कुठाय?” आणि ती शांतपणे सांगते, “पालीवर.” मधला मुलगा कोठावळा. खिळे, चुका, बिजागऱ्या, स्क्रू यांचे डबे त्याच्या ताब्यात. मागितलेली वस्तू तो तत्काळ देतो, मात्र ती परत आली की नाही याचा हिशेब ठेवण्याची शिस्त नानांनीच त्यास लावली असल्यामुळे, भिंतीत ठोकलेला खिळा तो संध्याकाळी परत मागावयास येतो. धाकटी अजून दुडुदुडु चालणारी. तिचे पथक फिरते असते, आणि नळाचा वायसर सापडेनासा झाला की सर्वांत आधी तिचे तोंड उघडून पाहण्याचा प्रघात आहे. मुलांच्या दप्तरातील ज्या लाकडी पट्टीने नाना मापे घेतात, तिच्या आरंभीचा थोडासा भाग तिनेच दात येण्याच्या दिवसांत चघळून संपविला आहे. नानांच्या घरातील सर्व फळ्या एकसारख्याच आखूड का, या प्रश्नाचा उलगडा आम्हांला त्यावरून झाला.

मापांच्या बाबतीत नानांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांचा काळच मापांच्या अराजकाचा. दशमान पद्धती येऊन शाळेत सेंटिमीटर शिकवू लागले, तरी लाकडाच्या वखारीत घनफूट चाले आणि सुताराच्या तोंडी सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हेच परिमाण होते. नानांनी सेंटिमीटरमध्ये माप घ्यावे, वखारवाल्याने ते इंचांत कापावे आणि उरलेला फरक ‘दोन सूत इकडेतिकडे’ या वाक्प्रचाराच्या स्वाधीन करावा, असा तो व्यवहार असे. थोरल्या मुलीसाठी अभ्यासाचे टेबल करावयाचे ठरले, तेव्हा ती पहिलीत होती. टेबल चारही पायांवर उभे राहिले, तेव्हा ती चौथीत गेली होती आणि तिचे गुडघे त्याखाली मावेनात. नाना यत्किंचितही खचले नाहीत. घरात ज्याच्या मापाचे ते टेबल होईल असे एक तरी मूल असणारच, हे त्यांनी आधीच गृहीत धरले होते.

आषाढात सदनिकेचे पुढचे दार फुगते, कारण हवेतील ओलावा शोषून लाकूड रुंदीच्या अंगाने वाढते. हे ज्ञान नानांस आहे. परंतु चैत्रात तेच लाकूड पुन्हा आकसते, हा त्याच सिद्धांताचा उत्तरार्ध ते दरवर्षी विसरतात. पावसाळ्यात दार अडले की त्यांचा रंधा निघतो आणि भुशाचे ढीग पडतात. उन्हाळ्यात दार आणि चौकट यांच्यामधून मांजर येऊ-जाऊ लागले की फटीवर पट्टी मारली जाते. पुढल्या पावसाळ्यात पट्टीसकट दार फुगते आणि रंधा पुन्हा निघतो. या नित्यक्रमाने झिजत झिजत ते दार इतके हलके झाले आहे की, ते लावण्यापूर्वी दोन्ही हातांनी किंचित वर उचलावे लागते.

दिवाळीपूर्वी रंगसफेदी. कळीचा चुना पिंपात घालून त्यावर पाणी ओतले की तो विस्तवावाचून खदखदा उकळू लागतो. हा चमत्कार पाहावयास मुलांनी जवळ येऊ नये म्हणून वहिनी तिघांना घेऊन आमच्याकडे येऊन बसतात आणि आमच्या घरची सफेदी करण्याची नानांची सूचना आम्ही प्रतिवर्षी त्याच वेळी नम्रपणे नाकारतो. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की पांढरा रंग खुलतो. नानांची चिमूट उदार असल्यामुळे पुढची खोली मेघश्याम झाली, आणि चुना भिंतीस धरून राहावा म्हणून त्यात सरस किंवा डिंक कालवावा लागतो, हा तपशील राहून गेल्यामुळे तो मेघश्याम वर्ण भिंतीवरून उतरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पाठीवर चढू लागला. वसाहतीत नानांकडे कोण कोण भेटावयास येऊन गेले, हे विचारण्याचे कारण आता कोणासही पडत नाही.

न्हाणीघराचा कोबा हे नानांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रकरण. सिमेंट त्या वेळी परमिटावर मिळे. अर्ज, स्मरणपत्र, पुनःस्मरणपत्र या मार्गाने मिळविलेली पोती जिन्याखाली राहून अर्धी दगड झाली, आणि उरलेल्या मालात नानांनी स्वतः, गुडघ्यावर बसून, ओळंबा आणि पाणसळ वापरून कोबा घातला. पाणसळीत बुडबुडा अगदी मध्यभागी आला, तेव्हा त्यांनी मुलांस हाक मारून तो दाखविला. न्हाणीघराच्या जमिनीस मोरीकडे ढाळ असावा लागतो आणि बुडबुडा मध्यभागी येणे हा तेथे गुण नसून दोष आहे, हे पहिली बादली ओतल्यावर कळले. मयसभेत दुर्योधनाला जमिनीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी जमीन भासली. नानांच्या न्हाणीघरात भासण्याचा प्रश्नच येत नाही, दोन्ही एकाच जागी असतात. कोबा ओला असताना धाकटी त्यावरून गेली आणि तिच्या पावलाचा ठसा उमटला. तो नानांनी बुजविला नाही. पाणी किती साचले आहे, हे त्या ठशावरून समजते.

नळाचा वायसर बदलावयाचा तर गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करावा लागतो आणि त्या टाकीवर सर्व इमारत अवलंबून आहे. नाना नियमाने वागणारे, आदल्या रात्री जिन्यात सूचनापत्र लागते: “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, उद्या रविवारी सकाळी ८ ते ८-१५ या वेळेत अपरिहार्य कारणास्तव पाणीपुरवठा स्थगित राहील.” अनुभवी सभासद हे सूचनापत्र वाचताच दिवसभराचे पाणी भरून ठेवतात आणि दुपारच्या जेवणासाठी नातेवाइकांकडे निरोप धाडतात.

आता आमचे खरे म्हणणे. मजुरीने आलेला कारागीर वस्तू नीट करतो, पैसे घेतो आणि निघून जातो. त्या वस्तूशी आपला संबंध तेथेच संपतो. नानांनी दुरुस्त केलेली वस्तू कधीही पूर्ण नीट होत नाही, आणि म्हणूनच ती वापरण्याची एक स्वतंत्र वहिवाट घरात पडते. दार उचलून लावायचे. नळ पकडीने सोडायचा आणि सोडताच दोन पावले मागे सरायचे. दिव्याचे बटण खाली दाबून, थोडा दम धरून, पुन्हा वर करायचे. कपाटाचा वरचा खण उघडायचा असल्यास आधी खालचा ओढायचा. हे सर्व मुलांस बोलू लागण्यापूर्वी येते. त्यांच्या समजुतीप्रमाणे जगातील सर्व घरे अशीच चालतात. थोरली एकदा आमच्या बहिणीकडे राहावयास गेली असता तिने नळ सोडला आणि चटकन मागे उडी मारली. पोर पाण्याला भिते, असा बहिणीने समज करून घेतला आणि तिला न्हाऊ घालताना फार गोंजारले. मधल्याने शाळेत वर्गाचे दार दोन्ही हातांनी वर उचलले, तेव्हा ते बिजागरीतून निखळून हातात आले. मास्तरांनी नानांस बोलावणे पाठविले. नाना पेचकस घेऊनच गेले.

वहिनींचे मत आम्ही कधी विचारले नाही, परंतु नाना एकदा कचेरीच्या कामाने परगावी जाणार असे ठरले असता त्यांनी परस्पर सुतार बोलावला होता. नानांचा दौरा आयत्या वेळी रद्द झाला आणि सुतार आला तेव्हा दार उघडावयास नानाच गेले. सुताराने दाराच्या खालवर हात फिरवला, पट्ट्या मोजल्या, बाजूला उभा राहून पुन्हा पाहिले.

“हे कोणी केलंय हो, साहेब?”

“होता एक जण.”

“त्याला पैसे दिलेत का?”

“नाही.”

“मग बरं झालं,” सुतार म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उघडू लागला. त्याला चहा देऊन, समजूत काढून परत पाठवण्यात आले.

खात्याचा जमाखर्च नाना स्वतः लिहितात आणि तो आम्ही पाहिला आहे. सुताराची, गवंड्याची व रंगाऱ्याची वाचलेली मजुरी जमेच्या बाजूस असते. हत्यारांची किंमत भांडवली खर्चात जाते, वाया गेलेले सामान ‘शिल्लक साठा’ म्हणून दाखविले जाते, आणि टिंक्चर आयोडीन व चिकटपट्ट्या यांची रक्कम ‘मुलांचे शिक्षण’ या सदराखाली पडते. एकूण शिल्लक मोठी दिसते. त्या शिलकेच्या भरवशावर पुढल्या वर्षी सज्जा बंदिस्त करून मुलांसाठी एक खोली वाढवण्याची योजना मंजुरीस सिद्ध आहे, म्हणजे नानांनी ती नानांकडे सादर केलेली आहे.

वाचकांपैकी कोणाचे नानांकडे जाणे झालेच, तर माणसे अत्यंत प्रेमळ आहेत, चहा उत्तम मिळतो, आणि मुले दार, नळ व दिवा चालवून दाखवतील. भिंतीस टेकून बसू नये. आणि गप्पांच्या ओघात, आपल्या घरचा नळ हल्ली जरासा गळतो, असे मात्र कृपा करून बोलू नये.