छत्तीस की चाळीस?

कन्याकुमारीला सायकलने जायचं म्हणजे आधी मागचं चाक ठरवावं लागतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी असंच सांगत आलोय. ‘निघताय कधी?’ असं कुणी विचारलं की मी हबवर बोलू लागतो. समोरचा घाईने काढता पाय घेतो, पण जाताना ‘यांचा अभ्यास दांडगा’ असा चेहरा करतो. तेवढ्यावर माझा आठवडा छान जातो.

फ्रेम स्टीलचीच. खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डरही तिला टाका मारू शकतो. अ‍ॅल्युमिनियमला तो हात लावत नाही. मागची चक्रं जितकी जास्त तितकी चेन बारीक, म्हणून गिअर मोजके. बायको विचारते, “अहो, भाजी आणायला किती लागतात?” तिला दूरदृष्टी नाही.

पण माझा जीव अडकलाय तो तारांत. बत्तीस तारांचं चाक हौशी, छत्तीसचं प्रवासी. ओझं बहुतेक मागच्या चाकावर, आणि फ्रीव्हीलच्या बाजूची तार तुटली तर आधी फ्रीव्हील काढायला हवं, हे मी लग्नाच्या पंगतीतही समजावलंय. नवरदेवाला. एक तार गेली की शेजारणींवर ताण, मग त्याही जातात, चाक आऊट होतं. मग चाळीस असल्या तर?

चाळीस तारा आमच्या गेटवरच उभ्या होत्या. सिलिंडरवाल्याची काळी सायकल: पुढे बत्तीस, मागे चाळीस, जुन्या दणकट सायकलींचा ठरलेला हिशेब. भरलेला घरगुती सिलिंडर, १४.२ किलो गॅस आणि वर लोखंड, तीसेक किलोचा. असे दोन कॅरिअरला लटकलेले. हब कुठला, मी विचारलं.

“काका, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो.”

आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन तो जिना चढू लागला. सिलिंडरसाठी लिफ्ट वापरू नये, अशी आमच्याकडे पाटी आहे. लडाखला सायकलने जाऊन आलेल्याला आम्ही हार घालतो. याला पाटी.

१५ ऑक्टोबर १९२३ला याच मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलने जग फिरायला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा मार्च १९२८मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले. हबचा निकाल लागेपर्यंत थांबले असते तर कुर्लाही गाठलं नसतं.

तेव्हा जो भाग तालुक्याच्या गावात मिळतो, तोच टिकाऊ. अधिक माहितीसाठी माझ्याकडे येऊ नका. सिलिंडर आला की त्या माणसाला आधी पाणी द्या, मग त्यालाच विचारा. आणि तुमच्याकडे ती पाटी असेल, तर काढा.