बावीस नंबरचा गाऊन

पदवी घ्यायला गोंदियातून नागपूर गाठायचे दिवस संपले. आता वय साडेपाच वर्षं असलं, फीचा शेवटचा हप्ता भरलेला असला आणि मान टोपी सावरण्याइतकी धरलेली असली, की मार्चअखेर केजी-टूच्या पोराला आपल्याच गल्लीत पदवी मिळते. काळा सॅटिनचा गाऊन, गळ्यात सोनेरी काठाचा पट्टा, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीला गोंडा. हातात लाल रिबिनीत गुंडाळलेला कागद. कागदावर काय लिहिलंय ते पदवीधराला वाचता येत नाही. पण मोठ्या विद्यापीठांतही ही परंपरा अगदीच अनोळखी नाही.

त्यामुळे चांगली नर्सरी कोणती, हा प्रश्न गोंदियात सुटलेला आहे. ‘‘तिथं टाका, तिथं गाऊन देतात.’’ विषय संपला.

दिल्लीचा कारभार मात्र उलट्या दिशेनं चालला आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या वैद्यकीय संस्थांना पत्र गेलं, की पदवीदानातला काळा झगा आणि टोपी ही वसाहतकाळाची उरलीसुरली खूण आहे, ती काढा आणि आपापल्या राज्याच्या परंपरेतला वेश ठरवा. म्हणजे माणसाचं हृदय उघडून शिवणाऱ्यांच्या अंगावरून झगा उतरला आणि ‘ए फॉर ॲपल’वाल्यांच्या अंगावर चढला. झगे वाया गेले नाहीत, एवढंच समाधान. शिवाय 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा मुलाच्या शिक्षणाचा पायाभूत टप्पा धरलाय. आमचं पोर पदवीधर होतं सहाव्या वर्षी. पाया निम्मा खणलेला असताना वास्तुशांतीचं जेवण उठवणारे आपणच पहिले.

आता या गाऊनकडे जरा नीट बघू. तो शाळेचा नसतो, भाड्याचा असतो. भाडं वेगळं, टोपीचं डिपॉझिट वेगळं, गोंडा तुटला तर त्याचे आणखी वेगळे. हाच गाऊन फॅन्सी ड्रेसला वकील असतो, नाटुकलीत न्यायाधीश असतो, आणि मार्चमध्ये त्याच्या गळ्यात पट्टा टाकला की तो पदवीधर होतो. माप एकच, बावीस नंबर. पोर लठ्ठ असलं तर बटणं उघडी, बारीक असलं तर पोर सापडत नाही; टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये जे नाक दिसतं ते आपलं, असं समजून आईबाप टाळ्या वाजवतात. टोपीला हनुवटीखालून इलॅस्टिक, ते कानाला कापतं. गोंडा बरोबर डोळ्यावर. मॅडम ओरडतात, ‘‘गोंडा लेफ्टला!’’ तर्‍हेतर्‍हेच्या दिशांना गोंडे फिरतात, मग एक पालक मोबाइलमध्ये बघून सांगतो की आधी उजवीकडे असतो, पदवी मिळाल्यावर डावीकडे घ्यायचा. मग सगळे गोंडे परत उजवीकडे. तेवढ्यात एक पदवीधर स्वतःच्याच झग्यावर पाय देऊन स्टेजवर पालथा पडतो. फोटोग्राफर म्हणतो, एकदा परत या. प्रमुख पाहुणे उद्याचे कलेक्टर आणि उद्याचे डॉक्टर यांना उद्देशून करिअर या विषयावर बोलायला उभे राहतात. बाहेर गोंदियाचं ऊन. मोहफुलं पडायचे दिवस, म्हणजे तिकडे सालेकसा-देवरीकडची माणसं पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात, कारण त्यांना अक्कल आहे. इकडे मांडवात पन्नास लेकरं काळ्या सॅटिनमध्ये, आत युनिफॉर्म, त्याच्या आत बनियन, कमरेला बेल्ट, पायात बूट. पंखा पाहुण्यांकडे. एक जण हळूच म्हणतो, ‘‘टीचर, मले शू लागली.’’ टीचर म्हणतात, ‘‘इन इंग्लिश!’’ तो ‘मे आय’पर्यंत पोचतो. पुढचं वाक्य जुळेपर्यंत निकाल लागलेला असतो.

इथं मला हसू येत नाही. तीन वर्षांच्या पोराला शाळेत न घाबरता, न विचारता, स्वतःच्या पायांनी जाऊन शू करता येते का, नर्सरीला एवढा एक प्रश्न विचारा. त्याचे पाय जमिनीला टेकतील अशी जागा आहे का? नळ त्याच्या हाताला येतो का? चड्डी ओली झाली तर बदलायला कुणी बाई आहे का, की वर्गासमोर ‘शेम शेम’ होतं? प्रवेशाच्या दिवशी आपण एसी विचारतो, सीसीटीव्ही विचारतो, स्मार्ट बोर्ड विचारतो, संडास बघायला कुणी मागत नाही. मागितला तर संचालक असं बघतात जणू आपण त्यांच्या तिजोरीची किल्ली मागितली. पोरं घरी येऊन दप्तर टाकतात आणि थेट मोरीत पळतात. सकाळपासून धरून ठेवलेली असते. आपण कौतुकानं म्हणतो, डबा संपवला वाटतं!

लेकरांना काय लागतं हे कागदावर नाही असंही नाही. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या 2013 च्या राष्ट्रीय धोरणाबरोबर ते मोजूनमापून लिहिलंय : तीस मुलांमागे किमान 35 चौरस मीटरची खोली, बाहेर खेळायला किमान 30 चौरस मीटर जागा, आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस. आमच्याकडे खोली म्हणजे बंगल्याचा पोर्च, त्याला शटर. बाहेरची जागा म्हणजे जिथं व्हॅन उभी राहते ती. घसरगुंडी आहे, पण तिला साखळी, कारण पोरं घसरतात. वाळू नाही, कारण कपडे मळतात. घरी झाडीबोली, पोवारी नाहीतर छत्तीसगढी बोलणारं पोर शाळेत तोंड उघडतच नाही, आणि शेरा मिळतो, ‘शाय’. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा म्हणावा, तर तो सहाव्या वर्षापासून हक्क देतो. म्हणजे कायदा दाराशी येतो तेव्हा आमचं पोर पदवी घेऊन बाहेर पडत असतं.

आणि अंगणवाडी? ती 1975 पासून आहे. तिथं सेविका पोरांचं वजन करते, ते मोबाइलमध्ये भरते, गरोदर बायांची नोंद ठेवते, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरते, आहाराचा हिशेब देते, आणि उरलेल्या वेळात गाणी म्हणत शिकवते. तिला पगार नाही, मानधन आहे. मान किती आणि धन किती ते तिलाच विचारा. पण तिथं पोर मातीत बसतं, पोटभर खातं, ‘‘मले शू लागली’’ म्हणतं आणि बाई हात धरून त्याला घेऊन जाते. धान विकून हाती आलेला पैसा घेऊन बाप त्याच पोराला तिथून काढतो आणि पोर्चच्या शाळेत घालतो. कारण विचारलं तर म्हणतो, ‘‘तिथं गाऊन नाही ना भाऊ.’’

भाड्याच्या दुकानात चौकशी केली. मार्चचे सगळे बावीस नंबर बुक. मालक खुशीत होते; आता नर्सरीवालेही पदवीदान करायचं म्हणतात, पाठोपाठ प्ले-ग्रुपवाल्यांचा फोन आला, त्यांच्यासाठी सोळा नंबर शिवायला टाकलेत.

‘‘एवढी लहान पोरं?’’ मी म्हटलं. ‘‘झगा खराब करतील की.’’

‘‘विचार केला ना साहेब,’’ मालक म्हणाले. ‘‘आतून रेक्झिन लावून घेतोय.’’