मामांचा एक्स-रे

आमचे मामा माणूस पाहताक्षणी ओळखतात. असं ते स्वतःच सांगतात. ओळखल्या गेलेल्यांचं मत अजून कुणी विचारलेलं नाही. घरात भाडेकरू ठेवायचा असो की मुलीला स्थळ बघायचं असो, मामांना बोलावणं जातं. ते पाहुण्याच्या चपलांकडे नजर टाकतात आणि स्वयंपाकघरात येऊन निकाल सांगतात. टाच आतून झिजली असेल तर माणूस चिक्कू, बाहेरून झिजली असेल तर उधळ्या. चप्पल कोरी करकरीत असेल तर कर्जबाजारी.

मला वाटायचं, ही विद्या फक्त आमच्या आजोळची. पण प्रिन्स्टनच्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, तेही सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात लोकांनी भरवशाचा कोण ते ठरवूनही टाकलं! जास्त वेळ दिला तरी मत फारसं हललं नाही, खात्री तेवढी वाढली. (हे मामांना कळू देऊ नका.)

बहिणीला बघायला आलेला मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. ‘घुम्या आहे,’ मामा आत येऊन म्हणाले. झालं! त्याने परत पोहे घेतले, तर अधाशी. चहा नको म्हणाला, तर शिष्ट. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९४६ साली दाखवलं होतं, की ‘हुशार, कष्टाळू’पासून सुरू होऊन ‘हट्टी, मत्सरी’पर्यंत जाणारी यादी नुसती उलटी वाचली, तरी ऐकणाऱ्याच्या मनातला माणूस बिघडतो. मामा यादी कायम शेवटून वाचतात.

‘आवड कशाची?’ मामांनी विचारलं. मुलगा ‘म... म...’ करतोय तोवर ‘मैदानी खेळांची!’ असं उत्तरही त्यांनीच दिलं. पुढच्या प्रश्नांचंही तेच.

आजीला कमी ऐकू येतं. त्यामुळे आमच्या घरात बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणारी ती एकटीच. तिने त्याला जवळ बसवलं, कानामागे हात धरला आणि म्हणाली, ‘सावकाश सांग रे बाळा, मला कुठे ऑफिस गाठायचंय?’

मुलगा अडखळत, मग कमी अडखळत बोलू लागला. नोकरी सांभाळून तो पेट्या दुरुस्त करतो. सूर चढवायचा तर पितळी पट्टीचं टोक घासायचं, उतरवायचा तर बुडाशी. आणि हात जरा जड पडला, की पट्टीच बाद. हे तो बोटाच्या नखावर आजीला करून दाखवत होता. माळ्यावर आजोबांची पेटी धूळ खात पडलीय, हे तिने त्याला सांगितलं. आम्हाला ते तेव्हाच कळलं.

लग्न जुळलं नाही. बहिणीला बंगळुरूला जायचं होतं, त्याला गाव सोडायचं नव्हतं. पेटी मात्र वाजायला लागली आणि त्याचं येणं-जाणं राहिलं. हल्ली मामा ‘हा आमचा शोध!’ अशी त्याची ओळख करून देतात. तो काही बोलायला तोंड उघडतो, आणि वाक्य अजूनही मामाच पुरं करतात.